पावसात गाडी मिसिंग करते? प्लग बदलण्याआधी त्याच्या वायरी तपासा!

पावसाळ्यातली सकाळ. रात्रभर पाऊस झोडपून गेलाय आणि गाडी उघड्यावरच उभी होती. तुम्ही चावी फिरवता, इंजिन सुरू होतं, पण आवाज नेहमीचा नाही. गाडी जागच्या जागी थरथरतेय, सायलेन्सरमधून फट्... फट्... असा तुटक आवाज येतोय आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पळण्याऐवजी ती मान टाकतेय. दहा-पंधरा मिनिटं अशीच कुरकुर करत चालते आणि मग एकदम सुतासारखी सरळ होते. गॅरेजला न्यायला सवड मिळेपर्यंत दुपार होते, ऊन पडतं, आणि मेकॅनिक एक चक्कर मारून येऊन म्हणतो, "साहेब, गाडी तर मस्त चालतेय!"

गॅरेजच्या भाषेत या दुखण्याला 'मिसिंग' म्हणतात. म्हणजे इंजिनातल्या एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जातंय, पण ते वेळेवर पेटत नाहीये. पुढचा क्रम बहुतेकांच्या ओळखीचा असेल. आधी प्लग बदलले जातात. फरक पडत नाही. मग इंजेक्टर साफ होतात. मग पेट्रोल पंपवाल्याचा उद्धार होतो. हल्ली तर गाडीनं जरा नाक मुरडलं की पहिलं बोट इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलकडे जातं. खिसा बराच हलका झाल्यावर कुणीतरी जुनाजाणता मिस्त्री बॉनेट उघडून म्हणतो, "अहो, या प्लगच्या वायरी शेवटच्या कधी बदलल्या होत्या?"

तर मंडळी, आज या वायरींबद्दलच बोलू. त्या खराब झाल्यात की नाही हे बऱ्याचदा घरच्या घरी कळू शकतं. फक्त त्या कधी आणि कशा तपासायच्या हे माहीत हवं.

तुमच्या गाडीत या वायरी आहेत का?

डिझेल गाडी असेल तर नाहीत. डिझेल दाबानं तापलेल्या हवेतच पेटतं, त्याला ठिणगी लागत नाही. पेट्रोल, सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या गाडीत स्पार्क प्लग असतात, पण वायरी असतीलच असं नाही.

मारुती ८००, ओम्नी, प्रीमियर पद्मिनी या जुन्या गाड्यांत एकच कॉईल असते. तिच्यातून एक जाड वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते आणि तिथून प्रत्येक प्लगला एकेक. त्यानंतरच्या बऱ्याच गाड्यांत डिस्ट्रिब्युटर गेला आणि त्याच्या जागी कॉईलचा डबा आला. जुन्या सँट्रोमध्ये तो दिसेल. पण डब्यापासून प्लगपर्यंत वायरी होत्याच. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत मात्र प्रत्येक प्लगच्या डोक्यावरच एक छोटी कॉईल बसवलेली असते, त्यामुळे लांब वायर नाही. अशा गाडीतही कॉईलखाली रबरी नळी असते आणि तिला होणारे आजार बरेचसे हेच असतात. म्हणून नवी गाडी असली तरी पुढचं वाचायला हरकत नाही.

बॉनेट उघडल्यावर इंजिनाच्या माथ्याकडे जाणाऱ्या, बोटापेक्षा थोड्या बारीक (साधारण ७ ते ८ मिलिमीटर जाडीच्या) तीन-चार रबरी वायरी दिसल्या, की त्याच या. प्लगवर बसणाऱ्या टोकाला रबरी टोपी असते. गॅरेजमध्ये कुणी त्यांना प्लग वायर म्हणतं, कुणी एचटी वायर. एचटी म्हणजे हाय टेन्शन. हे नाव लक्षात ठेवा, कारण यात टेन्शन खरंच भरपूर आहे.

१२ व्होल्टचे २० हजार होतात, तेव्हा...

गाडीची बॅटरी असते १२ व्होल्टची. एवढ्यात प्लगच्या टोकाशी ठिणगी उडणं शक्य नाही. म्हणून कॉईल त्याचे हजारो व्होल्ट करते. इंजिन निवांत चालू असताना साधारण ८ ते १२ हजार, जोर लावताना २० हजारांच्या पुढेही. ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. जर्मनीत बॉशच्या कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग यांची जोडी जमवली. पुढे अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी आणि कॉईलवर चालणारी पद्धत आणली, ती कॅडिलॅकमध्ये दिसली.

आता वायरीचं काम किती ते पाहा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लगला मिनिटाला १५०० ठिणग्या लागतात, म्हणजे सेकंदाला २५. तेही इंजिनाच्या उष्णतेत, तेलाच्या वाफेत आणि सततच्या थरथरीत. असं वर्षानुवर्षं चालतं.

या वायरीच्या आत तांब्याची तार असते असा बऱ्याच जणांचा समज असतो. पूर्वी असायची. पण तांब्याच्या वायरी ठिणगीगणिक रेडिओ लहरी फेकतात आणि गाडीतला रेडिओ कडकडायला लागतो. म्हणून नंतर आत कार्बन मुरवलेला धाग्यांचा गाभा आला, जो मुद्दामच थोडा विरोध करतो. हा गाभा नाजूक असतो. टोपी धरून न ओढता वायर धरून हिसका दिला, की तो टोकाच्या धातूपासून सुटतो. बाहेरून काहीच कळत नाही. बऱ्याच वायरींचं मरण हे असं, प्लग साफ करताना दिलेल्या एका हिसक्यात असतं.

गंमत अशी की गाभा तुटला तरी गाडी लगेच बंद पडत नाही. वीज त्या तुटलेल्या जागेवरून उडी मारते, म्हणजे वायरीच्या आतच एक छोटी ठिणगी पडत राहते. त्या ठिणगीनं आजूबाजूचा कार्बन जळतो, फट वाढते, मग उडी मोठी होते. असं करत करत एक दिवस उडी जमत नाही. बाहेरचं रबर कुठे चिरलं असेल, तर वीज प्लगपर्यंत जाण्याऐवजी तिथूनच इंजिनाच्या लोखंडावर उतरते. वीज नेहमी सोपी वाट धरते आणि चिरलेलं रबर ही तिच्यासाठी चोरवाट ठरते.

सगळी मेख इथे आहे: वायर कधी दगा देते?

ही गोष्ट नीट समजली तर निम्मं काम झालं. अर्धवट बिघडलेली वायर कमी व्होल्टेजला छान चालते. जास्त व्होल्टेज लागलं की हात वर करते. मग व्होल्टेज जास्त कधी लागतं?

घाट चढताना. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबता तेव्हा सिलिंडरमध्ये जास्त हवा आणि पेट्रोल कोंबलं जातं, दाब वाढतो आणि दाबाखालच्या हवेतून ठिणगी उडवणं अवघड होतं. म्हणून शहरात गुपचूप चालणारी गाडी नेमकी खंडाळ्याच्या किंवा कशेडीच्या चढावर झटके द्यायला लागते.

प्लग झिजल्यावर. प्लगच्या दोन टोकांमधली फट साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटर ठेवलेली असते. ती झिजून वाढली की प्रत्येक ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात आणि तो ताण वायरीवर येतो. प्लग वेळेवर न बदलणारे लोक नकळत वायरीचं आयुष्यही कमी करत असतात.

सीएनजीवर. पेट्रोलच्या मानाने सीएनजी पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून पेट्रोलवर व्यवस्थित आणि सीएनजीवर मिसिंग, ही तक्रार आली की लोक थेट सीएनजी किटवाल्याकडे जातात. किट सेटिंगचा दोष असूही शकतो, नाही असं नाही. पण दोष आधी प्लग आणि वायरीत शोधावा. मुंबई-पुण्यात जुन्या पेट्रोल गाडीला नंतर किट बसवून वर्षानुवर्षं चालवणारे कितीतरी जण आहेत. किट नवं आणि वायरी मूळच्याच, असा तो संसार असतो.

आणि अर्थात पावसात. इथे कारण वेगळं आहे. वायरीवर धूळ, तेल असतंच. त्यावर ओल बसली की चिरेतून बाहेर पडणाऱ्या विजेला आयता रस्ता मिळतो. इंजिन तापलं की ओल सुकते, रस्ता बंद होतो आणि गाडी शहाण्यासारखी चालायला लागते. सुरुवातीच्या गोष्टीतला मेकॅनिक खोटं बोलत नव्हता. त्याच्यासमोर गाडी आली तेव्हा ती खरंच ठीक होती. इंजिन प्रेशरनं धुऊन आणल्यावर गाडी बिघडते तेही याच कारणानं.

इंधनाचा दोष आणि वायरीचा दोष यांतला फरकही इथेच थोडा कळतो. पेट्रोलमध्ये पाणी किंवा कचरा असेल तर त्रास सहसा सगळ्या सिलिंडरना होतो आणि ऊन पडलं म्हणून तो जात नाही. वायर बिघडली असेल तर बहुधा एकच सिलिंडर रुसतो. कॉईलच्या डब्याच्या काही गाड्यांत एका कॉईलवर दोन सिलिंडर असतात, तिथे कधी जोडीनं दोन.

चालतंय तर चालू दे? नको!

"थोडी मिसिंग आहे, पण चालतेय ना" असं म्हणत महिनोन्महिने गाडी दामटणारे बरेच आहेत. चार सिलिंडरच्या गाडीत एक बंद म्हणजे पाव ताकद गेली. मारुती ८०० सारख्या तीन सिलिंडरच्या गाडीत तर थेट एक तृतीयांश. समोरून ट्रक येत असताना ओव्हरटेक अर्ध्यात असेल आणि नेमकी तेव्हाच ही ताकद गेली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

दुसरं नुकसान दिसत नाही. न पेटलेलं पेट्रोल जातं कुठे? सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये. धूर कमी विषारी करणारा हा डबा आपल्याकडे १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांत सक्तीचा झाला. त्यात पेट्रोल जाऊन पेटलं की तो प्रमाणाबाहेर तापतो आणि आतली जाळी वितळूही शकते. तो बदलायचा खर्च वायरीच्या सेटच्या कित्येक पट असतो. मीटरवरचा चेक इंजिनचा पिवळा दिवा नुसता लागण्याऐवजी लुकलुकत असेल, तर बहुतेक गाड्यांत तो हाच इशारा असतो. तेव्हा अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलका करा, गाडी बाजूला घ्या आणि सुक्या गवतावर उभी करू नका.

तपासणी: आधी डोळ्यांनी, मग अंधारात

इंजिन बंद आणि थंड असताना सुरुवात करा. वायर अलगद वाकवून पाहा. बारीक चिरा, कडक झालेलं रबर, तापलेल्या भागाला टेकून भाजलेली जागा, उंदरानं कुरतडलेल्या खुणा यांपैकी काही दिसलं तर पुढच्या चाचण्यांची गरजच नाही, वायर बदलायची. उंदरांचं म्हणाल तर पावसाळ्यात बिळात पाणी गेलं की इंजिनाची ऊब त्यांना फार आवडते.

रबरी टोपी काढताना टोपीच धरा, आधी थोडी पिळा आणि मग सरळ वर ओढा. आत तेल दिसलं तर थांबा. काही इंजिनांत प्लग खोल विहिरीसारख्या खाचेत असतात आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळायला लागलं की तिथे तेल साचतं. तेलानं रबर फुगतं, मऊ पडतं. अशा वेळी नवी वायर घातली आणि पॅकिंग तसंच ठेवलं, तर काही महिन्यांनी पुन्हा तोच खेळ.

आता माझी आवडती चाचणी. रात्री, मोकळ्या जागेत गाडी उभी करा. बंद गॅरेजमध्ये नको, सायलेन्सरचा धूर जीवघेणा असतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन सुरू, बॉनेट उघडं आणि आजूबाजूचे दिवे बंद. डोळे अंधाराला सरावू द्या आणि मग लांबूनच नुसतं पाहा. वायर गळत असेल तर निळसर ठिणगी लोखंडाकडे उडी मारताना दिसते, कधी वायरीभोवती फिकट निळी प्रभा दिसते आणि टिक्-टिक् असा बारीक आवाज येतो. काहीच दिसलं नाही, तर इस्त्री करताना वापरतो तशा फवाऱ्याच्या बाटलीनं वायरींवर साध्या पाण्याचा अगदी हलका फवारा मारा. पाऊस आपल्या सोयीने पाडायचा, इतकंच! एखाद्या वायरीवर पाणी पडताच इंजिन अडखळलं, तर चोर सापडला.

पण यासाठी काही पथ्यं काटेकोर पाळायची. पेट्रोलचा वास येत असेल तर ही चाचणी करूच नका. चालू इंजिनाच्या वायरींना हात लावायचा नाही. ओढणी, लोंबता मफलर, सैल बाही पंख्यापासून आणि पट्ट्यापासून दूर ठेवा. रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो. आणि ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांनी चालू इंजिनाच्या बॉनेटखाली वाकूच नये. हे काम दुसऱ्याला सांगा.

जुनी गॅरेजची युक्ती का सोडायची

आपल्याकडे मेकॅनिक चालू इंजिनाची एकेक वायर उपटून पाहतात. वायर काढल्यावर इंजिनाचा आवाज पडला तर तो सिलिंडर चांगला, फरक पडला नाही तर तोच दोषी. तर्क शंभर टक्के बरोबर आहे. पण पद्धत जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांच्या काळातली आहे. उघड्या पडलेल्या वायरीतली वीज कुठेतरी जाणारच. ती तुमच्या हातात येऊ शकते, कॉईलचं आतलं इन्सुलेशन फोडू शकते किंवा गाडीच्या कॉम्प्युटरला दणका देऊ शकते. शिवाय तेवढा वेळ कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं ते वेगळंच.

इंजेक्टरवाल्या गाडीत तोच तर्क सुरक्षितपणे वापरता येतो. वायरीऐवजी एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून पाहायचा. ठिणगी जागच्या जागी पडत राहते आणि पेट्रोल मात्र बंद होतं, त्यामुळे धोका टळतो. कनेक्टर काढल्यामुळे चेक इंजिनचा दिवा लागेल, तो नंतर स्कॅनरनं घालवता येतो. स्कॅनर असेल तर काम आणखी सोपं. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी०३०२ म्हणजे दुसऱ्या, असं पुढे. पी०३०० म्हणजे गडबड एकाच सिलिंडरपुरती नाही. पण हा कोड नुसता सिलिंडर दाखवतो. दोष वायरीचा, प्लगचा, कॉईलचा, इंजेक्टरचा की कॉम्प्रेशनचा, हे तो सांगत नाही. कोड आला म्हणून थेट पार्ट मागवू नका.

त्यापुढे एकच करा: अदलाबदल. समजा दुसऱ्या सिलिंडरचा कोड येतोय. इंजिन बंद करून दुसऱ्याची आणि तिसऱ्याची वायर एकमेकांच्या जागी लावा. मात्र प्रत्येक वायरीची दोन्ही टोकं हलवायची, नाहीतर ठिणग्यांचा क्रमच चुकेल. मग गाडी चालवा. मिसिंग आता तिसऱ्यात गेलं, तर वायर दोषी. दुसऱ्यातच राहिलं, तर वायर निर्दोष, मग प्लगची अदलाबदल करून पाहा. वायरींची लांबी वेगवेगळी असल्याने ही युक्ती प्रत्येक जोडीला जमत नाही. वायर ओढूनताणून बसवू नका. प्लगवर कॉईल असलेल्या नव्या गाड्यांत मात्र ही चाचणी सगळ्यात सोपी, कारण सगळ्या कॉईल सारख्याच असतात.

मल्टिमीटर खरं बोलतो, पण अर्धंच

दोनशे-तीनशे रुपयांचा साधा मल्टिमीटर घरात असेल तर वायर दोन्ही बाजूंनी काढा आणि दोन टोकांमधला रोध मोजा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तो प्रमाण माना. नसेल तर एक ढोबळ अंदाज धरा: कार्बन गाभ्याच्या बऱ्याच वायरी मीटरमागे १० ते २० किलोओमच्या आसपास दाखवतात, म्हणजे अर्धा मीटर लांबीच्या वायरीला ५ ते १० किलोओम. मीटरमागे ४० च्या वर गेलं तर वायर संशयित. काहीच आकडा आला नाही, तर गाभा तुटलेला. सगळ्या वायरी मोजून लांबीच्या हिशेबात कोणती वेगळी पडतेय ते पाहणं जास्त उपयोगाचं. आणि मोजताना वायर हळूच हलवा, टोकाशी वाकवा. आकडा उड्या मारायला लागला तर आतला जोड सुटलेला आहे.

पण मीटरनं पास केलं म्हणून वायर पास झाली असं मुळीच समजू नका. मीटर आपल्या छोट्याशा बॅटरीवर, मोजक्या व्होल्टवर गाभा तपासतो. बाहेरच्या रबरातली चीर त्याला दिसतच नाही, कारण तेवढ्याशा व्होल्टला चिरेतून बाहेर पडायची ताकदच नसते. ती गळती २० हजार व्होल्टला होते. मी स्वतः यात फसलो आहे. तिन्ही वायरींचे आकडे अगदी नमुनेदार आले म्हणून वायरी सोडून बाकी सगळं तपासत बसलो, आणि आठवड्यानं रात्री बॉनेट उघडल्यावर निळी ठिणगी समोर नाचताना दिसली. म्हणून मीटरनं नापास केलेली वायर नक्की वाईट. पास केलेलीची मात्र अंधारातली परीक्षा बाकी आहे असंच धरा.

प्लग काढला असेल तर त्याचा चेहरा वाचा

ज्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाही, त्याचा प्लग ओला, काळपट आणि पेट्रोलचा वास येणारा निघतो. बाकीचे प्लग कोरडे, फिकट तपकिरी असतात. पण त्याहून महत्त्वाची खूण प्लगच्या वरच्या पांढऱ्या चिनी मातीवर असते. तिथे वरून खाली जाणारी पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसते का पाहा. ती विजेची पायवाट आहे. वीज प्लगच्या आतून न जाता बाहेरून उतरतेय, असा त्याचा अर्थ. तशीच रेघ रबरी टोपीच्या आतही उमटलेली सापडते. ही रेघ पुसून जात नाही आणि जिथे एकदा वाट पडली तिथूनच वीज पुन्हा जाते. त्यामुळे प्लग आणि वायर दोन्ही एकदमच बदलावे लागतात. जुन्या प्लगवर नवी टोपी घातली तर जुनी रेघ नव्या टोपीलाही बिघडवते.

मात्र चिनी मातीच्या तळाशी, धातूला लागून गोल तपकिरी डागाचा पट्टा दिसला तर घाबरू नका. उच्च व्होल्टेजमुळे तेलाचे कण तिथे चिकटून तो तयार होतो आणि त्यानं काही बिघडत नाही. या डागापायी चांगले प्लग फेकून देणारे लोक आहेत.

जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या गाड्यांत त्याचं झाकणही उघडून पाहाच. आत ओल, बारीक तडा किंवा तशीच काळी रेघ असेल, तर वायरी कितीही नव्या घाला, पावसात गाडी रडणारच.

वायरी बदलताना

एक खराब निघाली तरी पूर्ण सेट बदलावा, असं माझं मत आहे. सगळ्यांचं वय सारखं असतं, उष्णता सारखीच खाल्लेली असते. एक गेली म्हणजे बाकीच्या रांगेत आहेत. अपवाद एकच: उंदरानं कुरतडलेली किंवा हिसक्यानं तुटलेली नवी वायर. किती किलोमीटरला बदलायच्या हे कंपनीगणिक वेगळं असतं. साधारण ५० हजार ते १ लाखाच्या दरम्यान त्यांच्यावर लक्ष ठेवायला लागा.

सगळ्या वायरी एकदम काढून ठेवायची घाई नको. एक काढा, तिच्याच लांबीची नवी लावा, मग दुसरी. कारण क्रम चुकला तर गाडी सुरूच होणार नाही किंवा कार्बोरेटरमधून भडका मारेल. चार सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांत ठिणग्यांचा क्रम १-३-४-२ असतो, मारुती ८०० मध्ये १-३-२. टोपी दाबताना 'टक्' असा आवाज किंवा बसल्याची जाणीव व्हायला हवी. अर्धवट बसलेली टोपी हेही मिसिंगचं अगदी नेहमीचं कारण आहे, तेही नुकत्याच सर्व्हिसिंग करून आणलेल्या गाडीत. टोपीच्या आत बोटभर सिलिकॉन ग्रीस लावलं तर ओल आत जात नाही आणि पुढच्या वेळी टोपी सहज निघते. साधं चॅसिसचं ग्रीस लावू नका, त्यानं रबर खराब होतं.

वायरी धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा कचऱ्यात टाकू नका. त्या शोभेच्या नाहीत. लागोपाठ ठिणगी पडणाऱ्या दोन सिलिंडरच्या वायरी एकमेकींना चिकटून लांबवर समांतर गेल्या, तर एकीच्या विजेनं दुसरीत वीज जागी होऊ शकते आणि भलत्याच वेळी ठिणगी पडते. आणि ऑनलाइन मिळणाऱ्या लालभडक 'रेसिंग' वायरींबद्दल एक शब्द: रोजच्या गाडीला त्यानं ताकद वाढत नाही. त्यातल्या नुसत्या तांब्याच्या गाभ्याच्या वायरी तर कॉम्प्युटरवाल्या गाडीत नकोतच. त्यांचा गोंगाट सेन्सरना त्रास देऊ शकतो. गाडीच्या रेडिओवर मध्यम लहरींवरचं आकाशवाणी केंद्र लावा. इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी टिकटिक ऐकू आली, तर प्लग किंवा वायरींकडे एकदा पाहाच.

घाटात मध्येच अडकलात तर?

इंजिन बंद करा, थंड होऊ द्या आणि कोरड्या फडक्यानं वायरी, टोप्या, कॉईलचा डबा आणि डिस्ट्रिब्युटरचं झाकण नीट पुसून घ्या. एवढ्यानंच बऱ्याचदा घर गाठता येतं. पाणी पळवणारा स्प्रे जवळ असेल तर थंड इंजिनावर मारा आणि उडून जायला काही मिनिटं द्या, कारण तो पेट घेऊ शकतो. 'डब्ल्यूडी-४०' हे नावच मुळी पाणी हटवण्याच्या ४०व्या प्रयोगावरून पडलंय. १९५३ मध्ये अमेरिकेत तो क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून तयार झाला होता. पण हा उपाय त्या दिवसापुरताच. चीर रबरात आहे, ती स्प्रेनं बुजत नाही. चिरेवर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी गुंडाळणारेही भेटतात. ती घरातल्या २३० व्होल्टसाठी बनलेली असते, २० हजारांपुढे तिचा टिकाव लागत नाही.

नवा सेट बसवला की जुन्यातली सगळ्यात लांब आणि धड असलेली वायर मात्र फेकू नका. कागदात गुंडाळून डिकीत स्टेपनीखाली ठेवून द्या. लांब असल्याने ती कुठल्याही सिलिंडरपर्यंत पोचते.